हात नसलेला प्रवासी

“म्हंजे त्याला हातच न्हाई?” लसणाची पाकळी बोटांत तशीच धरून अण्णांनी विचारलं.

“नाही.”

“मग तिकीट घेणार कशानं?”

“घेतच नाही ना! मघापासून तेच तर सांगतेय.”

अण्णा म्हणजे माझे सासरे, शंकर पिसाळ. एसटीत कंडक्टर म्हणून उभं आयुष्य काढलेला माणूस. उभं म्हणजे खरोखर उभं, कारण गाडीत बसायला जागा असली तरी ते बसायचे नाहीत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण समोरचा माणूस खरं बोलतोय की नाही हे तोंडावरून ओळखायची सवय गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला विद्यापीठात माझी पीएचडीची व्हायवा होती आणि कराडच्या आमच्या स्वयंपाकघरात तिची तालीम चालली होती. मी ओट्याला टेकून उभी, अण्णा पाटावर, समोर लसणाचा ढीग. व्हायवाला आलेल्यांना खायला द्यायची पद्धत असते. सगळे कॅन्टीनमधून समोसे-वेफर्स मागवतात. अण्णांनी जाहीर केलं होतं की आमच्याकडून भडंग जाणार, घरचं, भरपूर लसूण घातलेलं.

तालीम मराठीत होती, त्याला कारण इनामदार मॅडम. डॉ. निलोफर इनामदार, माझ्या गाइड. मिरजेच्या. बोलणं सुरीसारखं आणि मन लोण्यासारखं, पण लोणी सहसा कोणाला दिसू द्यायच्या नाहीत. त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला व्हायवाची पहिली पाच मिनिटं मराठीत बोलावं लागे. “मागच्या रांगेत जी माणसं बसतात ना,” त्या म्हणायच्या, “त्यांनी इतकी वर्षं तुझं घर चालवलंय. कशासाठी चालवलं हे त्यांना कळायला नको?”

मी आधी कुलूप-किल्लीचं उदाहरण तयार केलं होतं. एन्झाइम शिकवताना सगळे तेच देतात. अण्णांनी ते ऐकताच नाक मुरडलं. “कुलपात किल्ली मोडून बसली, एवढंच न्हवं? मग ह्यात तू येवढी वर्षं काय केलंस?”

म्हणून मग आम्ही दोघांनी बसून एसटी उभी केली. पेशीत कायनेज नावाची एन्झाइम असतात. त्यांचं काम म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवणं. तो चिकटला की ते प्रथिन कामाला लागतं. मी म्हटलं, कायनेज म्हणजे कंडक्टर समजा आणि फॉस्फेट म्हणजे तिकीट. हे ऐकल्यावर अण्णा ताठ बसले. प्रथिन हा प्रवासी. तिकीट घ्यायला त्याला एक हात असतो, त्या हाताचं नाव सेरीन. मी प्रयोगशाळेत जे पेप्टाइड बनवलं होतं, ते म्हणजे प्रथिनाचाच एक छोटा तुकडा, थोडीशी अमिनो आम्लं एकामागून एक ओवलेली. दिसायला हुबेहूब प्रवासी. फक्त सेरीनच्या जागी मी अलानीन घातलं होतं. दोघं सख्खे भाऊ शोभावेत इतके सारखे, पण अलानीनला तिकीट धरायला हात नाही. कायनेज त्याला प्रवासी समजून जवळ घेतं, तिकीट पुढे करतं, आणि तो नुसता समोर उभा.

“आन् मागचं?” अण्णांनी विचारलं.

“मागचे खोळंबले. ह्याला तिकीट घेता येत नाही आणि हा हलतही नाही. कायनेजचं काम बंद.”

“आसला पॅसेंजर मला भेटला आसता तर घंटी मारून पैल्या थांब्याला उतरवला आसता.”

“आमच्या कंडक्टरला तो फार आवडतो. सोडवतच नाही त्याला.”

“यडाच हाय तुमचा कंडक्टर,” अण्णा म्हणाले आणि पुन्हा लसूण सोलायला लागले. दारात बसून चित्र रंगवणारी माझी मुलगी ऋतुजा खो खो हसली. तिच्या दोन्ही वेण्या अण्णांनी घातलेल्या होत्या, एक वर आणि एक खाली. वेणी हा प्रकार अण्णा साठी उलटल्यावर शिकले होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात फक्त मला माहीत होती. स्वीडनमधल्या एका प्रयोगशाळेनं मला बोलावलं होतं. पीएचडीनंतरचं काम, माझ्याच विषयात, मुलीला घेऊन या असं आपणहून म्हटलेलं. आणि मी जाणार नव्हते. मॅडमना तसं सांगूनही टाकलं होतं. त्या “बरं” एवढंच म्हणाल्या होत्या, ते जरा विचित्रच होतं, कारण एका शब्दावर थांबणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

न जाण्याचं कारण समोर पाटावर बसलं होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. माझा नवरा सुहास, अण्णांचा एकुलता एक मुलगा, मोटारसायकलच्या अपघातात गेला तेव्हा ऋतुजाला नीट चालताही येत नव्हतं. त्यानंतर घरात आम्ही तिघंच. मी रोज एसटीनं कोल्हापूरला जायचे. ऋतुजाचा डबा, शाळा, ताप, पाढे, वेण्या, सगळं अण्णांकडे. ही पोरगी उचलून मी सातासमुद्रापार न्यायची आणि अण्णांनी रिकाम्या घरात कोणाचा डबा भरायचा? तेव्हा नाही म्हणजे नाही. आणि जायचंच नाही तर अण्णांना सांगून त्यांच्या जिवाला घोर कशाला लावायचा, असा माझा हिशेब होता. मला माझ्या हिशेबांचा तेव्हा बराच अभिमान होता.

सकाळी ऋतुजाला शेजारच्या काकूंकडे सोपवून आम्ही निघालो. अण्णांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, धोतर आणि टोपी असा लग्नाचा थाट केला होता. मांडीवर भडंगाची पिशवी, हातात साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा. गाडीतला तरुण कंडक्टर ओळखीचा निघाला. त्याला अण्णांनी कराडपासून पेठ नाक्यापर्यंत माझं संशोधन समजावून सांगितलं. नशीब, पेठ नाक्याला त्याची ड्यूटी संपली.

व्हायवाचा हॉल लहानसाच होता. पुढे परीक्षक, मग विभागातले प्राध्यापक, मग विद्यार्थी, आणि शेवटच्या रांगेत अण्णा, एकटेच, टोपी गुडघ्यावर ठेवून. बाहेरून आलेले परीक्षक होते पुण्याचे डॉ. पेंढारकर. मोठ्या अंगाचे, मोठ्या आवाजाचे आणि मनानं फार चांगले. स्वीडनला माझं नाव त्यांनीच सुचवलं होतं.

माझी पाच मिनिटं छान झाली. कंडक्टर आला तसा हॉल हसला, बिनहाताचा प्रवासी आला तेव्हा पेंढारकर सरांनी टेबलावर थाप मारली. मी अण्णांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. आपण बसवलेलं नाटक कडेला उभं राहून बघणाऱ्या माणसासारखे ओठ हलवत होते, माझं वाक्य चुकू नये म्हणून.

मग मी इंग्रजीत शिरले आणि अण्णांचे ओठ थांबले. हे कायनेज मुळात अडवायचं कशासाठी, ते मी तिथे सांगितलं. काही कॅन्सरमध्ये ते बिघडतं. कोणी थांब म्हटलं तरी थांबत नाही, दिसेल त्याला फॉस्फेट चिकटवत सुटतं आणि पेशी वाढतच जाते. त्याला आवरायला असं पेप्टाइड लागतं. माझं पेप्टाइड परीक्षानळीत हे काम चोख करत होतं. औषध व्हायला मात्र ते अजून फार लांब होतं. पोटात गेलं तर वरणभातासारखं पचून जाईल, हे मी स्वतःच सांगून टाकलं, कारण परीक्षकांनी विचारण्याआधी आपण सांगितलेलं बरं असतं.

प्रश्न झाले. उत्तरं झाली. एका आलेखावर थोडी खडाजंगी झाली, त्यातूनही मी बाहेर आले. मग पेंढारकर सर खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी व्हायवात शेवटी विचारायचा तो ठरलेला, निरुपद्रवी प्रश्न मराठीतच विचारला.

“मग, पुढे काय?”

“अजून ठरलं नाही, सर.”

“ठरलं नाही?” सर एकदम पुढे वाकले. “अहो, स्वीडनवाले तुमच्यासाठी जागा धरून बसलेत! परवाच मेल आला मला. तुमच्या मुलीसाठी शाळासुद्धा बघून ठेवलीय त्यांनी. आणि तुम्ही म्हणता ठरलं नाही!” ते हॉलकडे वळले. “तुमच्या विभागातली मुलगी स्वीडनला चाललीय. टाळ्या वाजवा की!”

टाळ्या वाजल्या. मी मॅडमकडे पाहिलं. मी नाही म्हटल्याचं सरांना कळलंच नव्हतं म्हणजे काय? मॅडम पेनाचं टोपण मन लावून तपासत होत्या. मग मी मागे पाहिलं. अण्णाही टाळ्या वाजवत होते. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या चालू होत्या.

“श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचंय का?” विभागप्रमुखांनी विचारलं. हेही रीतीपुरतं असतं. कोणी काही विचारत नाही, सगळ्यांचं लक्ष खाण्याकडे असतं.

शेवटच्या रांगेत अण्णा उभे राहिले.

“मला इचारायचंय.”

विद्यार्थ्यांनी वळून पाहिलं. “विचारा ना, बाबा,” विभागप्रमुख कौतुकानं म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. फळ्याकडे बघून विचारलं, “त्यो बिनहाताचा माणूस मधनं बाजूला काढला, तर कंडक्टर परत काम करतो का? का कायमचा बिघडला म्हणायचा?”

“वा!” पेंढारकर सर म्हणाले. “हा प्रश्न माझ्या यादीत असायला हवा होता. उत्तर द्या.”

उत्तर मला झोपेतही देता आलं असतं. “परत काम करतो,” मी म्हटलं. “आम्ही करून पाहिलंय. पेप्टाइड धुऊन काढलं की एन्झाइम होतं तसं चालू होतं. त्याला काही इजा झालेली नसते.”

“आगदी पैल्यासारखं?”

“हो.”

“बरं.” ते बसायला वाकले आणि पुन्हा उभे राहिले. “आन् बाजूला काढलेल्या माणसाचं काय होतं?”

हॉलमध्ये दोघं-तिघं हसली. किती गोड म्हातारा, असं ते हसू होतं. हेही उत्तर मला येत होतं. नळीतून काढलं तर पेप्टाइड होतं तसंच राहतं. पण शरीरात राहत नाही. शरीरात त्याचे तुकडे तुकडे होतात. प्रबंधात मी ते अगदी थंडपणे लिहिलं होतं.

“नळीत असेल तर... तो तसाच राहतो,” मी म्हटलं. “पण शरीरात...”

पेंढारकर सर मान हलवून प्रोत्साहन देत होते. विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिलं.

“शरीरात तो तुटतो,” पहिल्या रांगेतून, मागे वळून न बघता, इनामदार मॅडम म्हणाल्या. “पण वाया काही जात नाही, पिसाळकाका. त्या तुकड्यांतून शरीर दुसरं काहीतरी बांधायला घेतं.”

अण्णांनी हात जोडले आणि ते खाली बसले.

परीक्षक निर्णयासाठी आतल्या खोलीत गेले. उमेदवारानं तेवढा वेळ बाहेर थांबायचं असतं. मी बाहेर आले तर अण्णा व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीपाशी उभे होते. पिशवी पायाशी. प्रयोगशाळेतला रसायनांचा वास आणि भडंगाच्या लसणाचा वास तिथे एकत्र झाला होता.

“कवा कळलं तुला ह्ये?” त्यांनी विचारलं.

“दिवाळीच्या सुमारास.”

“आन् मला सांगितलं न्हाईस.”

“जायचंच नाही तर सांगायचं कशाला?”

“जायचं न्हाई आसं कुणी ठरिवलं?”

“मी.”

“माझ्यापायी.”

“तुमच्यापायी कशाला? तिथे अंधार असतो सहा महिने. थंडी असते. मला नाही सोसायची.”

“उज्ज्वला,” अण्णा म्हणाले. मला ते पोरी म्हणत. नाव घेतलं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. “इनातिकिटाचा माणूस म्या तोंडावरनं वळखत आलोय. माझ्यासंगं खोटं बोलू नगंस.”

मी वाकून त्यांच्या पायाशी ठेवलेली पिशवी सरळ करायला लागले.

“तू काल समजावलंस, तवा मला हसू येत हुतं,” ते म्हणाले. “आता आत बसल्यावर कळलं. त्यो माणूस म्याच हाय की. सुहास गेला आन् त्याच्या जागी म्या यिऊन बसलो. पोरीची शाळा म्या बघणार, बाजार म्या आणणार, तुझी गाडी चुकली तर स्टँडावर म्या उभा. बघणाऱ्याला वाटतंय, घरात कर्ता माणूस हाय. पर म्या काय सुहास न्हवं. तुझ्या जन्माला म्या काय पुरणार? नुसता मधी उभा हाय. तुला म्होरं जाता यीना, आन् दुसरं कुणी यायचं आसंल तर त्याला यिऊ दीना. म्या मागितलं न्हाई तुला काय, पर आडवलं मातुर झक्कास.”

मला राग आला. मला दुःख झालं की आधी रागच येतो, आजही. इतका राग आला की आत परीक्षक बसलेत हे विसरून माझा आवाज चढला.

“झालं तुमचं? आता मी बोलू? अर्ध्या गोष्टीवरून निकाल लावलात तुम्ही. ते कायनेज अडवायचं कशाला, हे मी आत इंग्रजीत सांगितलं. ते तुम्हाला कळलं नाही.”

“मग मराठीत सांग.”

“ते बिघडलेलं असतं, अण्णा. ते थांबतच नाही. रात्रंदिवस एकच काम करत सुटतं, त्यात माणूस मरतो. सुहास गेल्यावर मी काय करत होते, आठवतं?”

अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले.

“घासलेली भांडी घासत होते मी. पुसलेली फरशी पुसत होते. सकाळी पुसायची, दुपारी पुसायची, संध्याकाळी बादली भरून पुन्हा. जेवण नाही, झोप नाही, डोळ्यातून टिपूस नाही. ऋतुजा पायाशी येऊन रडायची तर तिला बाजूला करून फडकं पिळायचे. माझी आई आली आणि घाबरून देवळात जाऊन बसली. सगळे म्हणत होते, करू दे, कामात मन रमतंय. आणि तुम्ही काय केलंत?”

“म्या काय केलं? काय बी न्हाई.”

“तुम्ही येऊन ओल्या फरशीवर मधोमध बसलात. मी म्हटलं, अण्णा, उठा, मला पुसायचंय. तुम्ही उठला नाहीत. मी ओरडले. तोंडाला येईल ते बोलले.”

“बोललीस व्हय. चांगलं खमंग बोललीस.”

“दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भांडी काढली की तुम्ही मोरीत पाट टाकून बसायचा. बोलायचं काही नाही, समजवायचं काही नाही, नुसतं बसायचं. मी बादली तुमच्या अंगावर ओतली एकदा.”

“धोतार नवं हुतं,” अण्णा पुटपुटले.

“तरी उठला नाहीत. मग एक दिवस माझ्या हातातलं फडकं गळलं आणि मी तुमच्या शेजारी, त्या पाण्यात, खाली बसले आणि रडले. सुहाससाठी पहिल्यांदा. आठवतं?”

अण्णांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते.

“तुम्ही अडवलंत म्हणून मी थांबले, अण्णा. थांबले म्हणून जगले. ते पेप्टाइड म्हणजे आडमुठा पॅसेंजर नाही. ते औषध आहे. तुम्हाला मी औषध म्हणतेय, कळलं का?”

व्हरांड्यातून जाणारी दोन मुलं आमच्याकडे बघत बघत गेली. अण्णांनी टोपी काढली, तिनंच तोंड पुसलं, आणि कडक इस्त्रीची टोपी चुरगळली म्हणून ती खिडकीच्या कठड्यावर ठेवून हातानं सरळ करत राहिले. मला वाटलं, मी जिंकले. व्हायवाच्या दिवशी माणूस जरा चढेलच असतो.

“म्हंजे म्या औषध,” ते सावकाश म्हणाले.

“हो.”

“आन् तू आता बरी हायस?”

“आहे की.”

“मग रोगी बरा झाल्यावर औषध बंद करत्यात न्हवं?”

आत अख्ख्या समितीला मी उत्तरं देऊन आले होते. इथे मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. अण्णा काही मला हरवल्यासारखे बघत नव्हते. ऋतुजाला अवघड गणित घातलं की तिच्याकडे बघायचे तसे, काळजीनं आणि येईल तिला अशा खात्रीनं, माझ्याकडे बघत होते.

“तुम्ही एकटे काय करणार घरात?” मी शेवटी विचारलं.

“रडणार,” अण्णा म्हणाले. “सुरवातीला तर लईच. खोटं कशाला सांगू? सकाळ झाली की हात आपसूक फणी हुडकणार. मग हळूहळू कमी हुईल. मॅडम म्हनल्या न्हवं का, वाया काय जात न्हाई म्हणून. काय तरी करीन म्या माझ्या तुकड्यांचं. तू नगं त्याचं बघूस.”

त्यांनी ते इतक्या साधेपणानं सांगितलं की मला धड रडताही येईना. माझ्या वडिलांनी माझ्यावर प्रेम केलं, नवऱ्यानं केलं, पण स्वतःला माझ्या आयुष्यातून उचलून बाजूला ठेवायला निघालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी त्यांचा हात धरला. लसणाच्या वासाचा, तिकिटं फाडून फाडून अंगठ्याला घट्टा पडलेला हात.

“असली औषधं एकदम बंद करत नाहीत, अण्णा,” मी म्हटलं. “रोग्याला त्रास होतो. हळूहळू कमी करतात.”

“मग हळूहळू कर,” अण्णा म्हणाले. “पर कर.”

आतून मला हाक आली.

आज मी दुसऱ्यांच्या व्हायवा घेते, तेव्हा निकाल जाहीर होताना उमेदवाराचं तोंड कसं होतं हे मला पाठ आहे. माझं कसं झालं होतं, मला आठवत नाही. विभागप्रमुखांनी पीएचडीची शिफारस झाल्याचं वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या, आणि अण्णांनी दारातच पुडा फोडून पहिला पेढा मॅडमच्या हातावर ठेवला. मग ते भडंग वाटायला लागले, गाडीत तिकिटं काढत मागे जावं तसे, एकही रांग न चुकवता.

मी मॅडमना गाठलं. “मी नाही म्हटलेलं तुम्ही सरांना कळवलंच नव्हतं?”

“अगं हो,” मॅडम पेढा खात म्हणाल्या. “विसरलेच बघ.”

मॅडमना विभागातल्या प्रत्येक बाटलीवरची तारीख पाठ होती. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं, खांद्यावर थोपटलं आणि दुसऱ्या पेढ्याला हात घातला.

तेवढ्यात तोंडात भडंगाचा बकाणा घेऊन पेंढारकर सर आले. “काय चव आहे हो याला! बरं, ते राहिलंच. स्वीडनला काय कळवू मी?”

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांची माझ्याकडे पाठ होती. त्यांना सगळं ऐकू येत होतं, कारण त्यांचा वाटता हात मध्येच थांबला होता.

“येते म्हणून कळवा, सर,” मी म्हटलं. “पण जूनमध्ये.”

“जून? त्यांना तर लगेच हवंय कोणीतरी.”

“त्याआधी नाही जमणार. घरी एक औषध चालू आहे, ते हळूहळू कमी करायचंय.”

सरांचा चेहरा पडला. मघाच्या टाळ्या आठवून त्यांना ओशाळल्यासारखं झालं असावं. त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे त्यांच्या मानानं खाली.

“अरेरे. मला कल्पना नव्हती. कोण आजारी आहे घरी?”

“मी होते, सर,” मी म्हटलं. “आता बरी आहे.”